नेमबाईची भिंत

टपाल छाननीच्या ऑफिसात तिला सगळे नेमबाई म्हणायचे, आणि ते काही उगाच नाही. त्या ऑफिसातलं काम ज्याने पाहिलेलं नाही त्याला वाटतं, छाननी म्हणजे टेबलाशी बसून पत्रांचे गठ्ठे लावणं. कसलं बसणं घेऊन बसलात. मोठ्या हॉलमध्ये लोखंडी चौकटी, चौकटीत तोंड उघडून टांगलेल्या थैल्या, प्रत्येक थैलीवर गावाची पाटी, आणि मधोमध पार्सलांचा ढीग. ढिगापाशी उभं राहायचं, पार्सल उचलायचं, पत्ता वाचायचा आणि तिथूनच फेकायचं. चालत जाऊन एकेक ठेवत बसलं तर सकाळची गाडी संध्याकाळीसुद्धा भरायची नाही. बाकीच्यांची पार्सलं कधी चौकटीला आपटायची, कधी भलत्याच गावाला जायची. नेमबाईचं पार्सल मात्र मान न वळवता, शेजारणीशी बोलता बोलता, बरोबर त्याच थैलीच्या पोटात. वर ‘काच, सांभाळा’ लिहिलेलं असलं तर ती जरा हळू फेकायची, एवढाच काय तो फरक.

ऑफिसच्या चहाच्या खोलीत, नळाशेजारच्या भिंतीवर एक डार्टबोर्ड होता. कोणी आणला, कधी आणला, देव जाणे. डार्टला तिथे सगळे बाणच म्हणायचे. पुरुषमंडळी चहा पिता पिता खेळायची आणि जो हरेल त्याने कप धुवायचे, असा नियम. नेमबाई नवी नवी लागली तेव्हा न खेळताच कप तिच्या गळ्यात पडले. थोडे दिवस तिने धुतले. मग एकदा ओले हात फडक्याला पुसले आणि म्हणाली, "मलाही एकदा हरू द्या की. म्हणजे मी कप नियमाने धुतले असं तरी होईल." तीन बाण घेतले आणि तिन्ही वीसच्या तिहेरी घरात नेऊन बसवले. तिहेरी घर म्हणजे बोर्डावरची अर्ध्या बोटाच्या रुंदीची पट्टी. तिथे बाण लागला की गुण तिप्पट, आणि तिथे बाण लावता लावता भल्याभल्यांच्या नाकी नऊ येतात. त्या दिवशी कप धुतले ते जाड चष्मा लावणाऱ्या एका सहकाऱ्याने, आणि पुढे नोकरी संपेपर्यंत तोच धुवत राहिला, असं नेमबाई सांगते. चष्मेवाला म्हणतो, अधूनमधून मीही जिंकायचो. कोणावर विश्वास ठेवायचा ते तुमचं तुम्ही बघा.

ती निवृत्त झाली तेव्हा ऑफिसने भिंतीवरचं घड्याळ दिलं, कारण ऑफिसं घड्याळच देतात. चष्मेवाल्याने मात्र कोणाला न विचारता बोर्ड खाली उतरवला, एका बाद झालेल्या थैलीत घातला, तोंडाला टपालाची गाठ मारली आणि तिच्या हातात ठेवला. बोर्ड होता तिथे भिंतीवर स्वच्छ गोल राहिला, आणि त्या गोलाभोवती चुकलेल्या बाणांची भोकंच भोकं. नेमबाईने त्यांच्याकडे बोट दाखवलं. "यातलं माझं एक दाखवा," म्हणाली. कोणाला दाखवता आलं नाही.

आता एवढी नेमाची बाई, पण तिने जन्मात कधी भिंतीत खिळा मारला नव्हता. हसू नका, कारण ऐका. नवरा लवकर गेला. मुलगा तेव्हा बुटाची नाडीही आपली आपण बांधत नव्हता. त्याला घेऊन ती भाड्याच्या खोल्यांतून राहिली, एक सोडली की दुसरी. प्रत्येक खोलीचा मालक वेगळा, पण पहिली अट एकच: भिंतीला हात लावायचा नाही. नेमबाईने कुठेच लावला नाही. कॅलेंडर सुतळीने खिडकीच्या गजाला बांधलेलं. आरसा फळीवर टेकवलेला. नवऱ्याचा फोटो कपाटाच्या डोक्यावर उभा. कपाटाचं दार जोरात लागलं की तो आडवा व्हायचा, मग ती त्याला "पडलात का, उठा," म्हणून पुन्हा उभा करायची. खोली सोडताना मालकीणबाई भिंतीवरून तळहात फिरवून बघायची आणि तिला एक ओरखडा सापडायचा नाही. याचा नेमबाईला कोण अभिमान. "मी राहून गेले हे भिंतीला कळत नाही," असं ती छाती पुढे काढून सांगायची.

निवृत्तीनंतर मुलाने आणि सुनेने तिला आपल्या घरी आणलं. मुलगा फ्रीज दुरुस्त करतो, आणि स्वभावही धंद्याला शोभेल असाच. आत काय चाललंय ते दार उघडल्याशिवाय कळायचं नाही. सून भिंती करते. म्हणजे उघड्या प्लास्टरवर पुट्टी ओढायची, घासायची, पुन्हा ओढायची, आणि रंगाचा हात द्यायचा. तिच्या हाताखाली चार माणसं आहेत आणि चारही तिला टरकून असतात. घरी येते तेव्हा भुवयांपर्यंत पांढरी झालेली असते आणि दारातूनच बोलायला लागते. जिभेला धार सासूइतकीच, तसूभरही कमी नाही. दोघींची पहिल्या दिवसापासून जुंपली. कशावरून म्हणाल, तर कशावरूनही. खिडकी उघडी ठेवायची की बंद, टॉवेल आडवा वाळत घालायचा की उभा, दूध आधी तापवायचं की भांडी आधी घासायची. मुलगा बिचारा एकदा मध्ये पडायला गेला तर दोघी मिळून त्याच्यावरच घसरल्या. तेव्हापासून तो पेपर वाचतो.

घर त्या दोघांनी विकत घेतलेलं, तिसऱ्या मजल्यावरचं. घेतलं तेव्हा भिंतींचे पापुद्रे निघत होते. सुनेने एकेका सुट्टीला एकेक खोली खरवडून नवी केली. हॉलमधून आत जाणारा लांब पॅसेज तिने सगळ्यात शेवटी घेतला आणि त्याच्या टोकाच्या भिंतीवर असा काही हात फिरवला, की येणारा जाणारा बोट लावून बघितल्याशिवाय राहत नसे. त्या भिंतीला लागूनच नेमबाईची खोली.

पण नेमबाईने जुनी खोली सोडली नव्हती. कुलूप लावून ठेवली होती. "सामान आहे थोडं," म्हणायची. सामान म्हणजे एक पलंग आणि एक शेगडी, हे सगळ्यांना माहीत. ताकाला जाऊन भांडं लपवण्यात काय अर्थ? एक पाय इकडे, एक पाय तिकडे, असं तिचं तळ्यात-मळ्यात चाललेलं. मुलाने विचारलं, "आई, ती खोली सोडायची ना?" तर म्हणाली, "बघू." सुनेने विचारलं, "तो बोर्ड कुठे लावायचा?" तरी म्हणाली, "बघू." मग सुनेने विचारायचं सोडलं. बोर्ड थैलीत, थैली पलंगाखाली, घड्याळ तिच्या शेजारी खोक्यात, आणि नवऱ्याचा फोटो इथेही कपाटावरच.

आणि मग जुन्या मालकिणीचा फोन आला. दुसरा भाडेकरू दारात उभा आहे, महिनाअखेरपर्यंत काय ते सांगा. ठेवायची तर ठेवा, सोडायची तर सोडा, नुसतं कुलूप राखत बसायला मला वेळ नाही. महिनाअखेर आठवड्यावर आली होती. नेमबाईने तो फोन हॉलमध्येच घेतला होता, त्यामुळे घरात सगळ्यांच्या कानावर गेला. त्या संध्याकाळी टॉवेलावरूनही भांडण झालं नाही, आणि ते नेमबाईला फार जाचलं.

रविवारी सकाळी सून एका कामावर गेली होती, मुलगा तिला आणायला जाणार होता. तेवढ्यात चष्मेवाल्याचा फोन. "पुढच्या रविवारी येतो. हात शिवशिवतायत. बोर्ड लावलास ना?"

"म्हणजे काय," नेमबाई म्हणाली. "केव्हाच लावला."

फोन ठेवला आणि तिला आपलं आपल्यालाच हसू आलं. जिभेने फेकलेलं पार्सल, आता थैली तर टांगायला हवी. मुलगा बाहेर पडला. तिने थैली ओढली, गाठ सोडली, बोर्ड काढून फडक्याने पुसला. जागा ठरवायला तिला वेळ लागला नाही. पॅसेजचं टोक. समोर लांबलचक मोकळं, मध्ये काही अडायला नाही, वर दिवा. बोर्डासाठीच बांधल्यासारखी जागा.

पण भोक? सुनेच्या त्या भिंतीत? छे. ते तिच्या मनातही आलं नाही. जित्याची खोड म्हणतात ती हीच. तिने कोपऱ्यावरच्या दुकानातून चिकटवायचे हुक आणले, मोठे, पाकिटावर हत्ती लटकलेला दाखवलेले. खिळा नाही, भोक नाही, भिंतीला काही इजा नाही. आणि उद्या बोर्ड काढायची वेळ आली तर ओढले की निघाले. उद्या काढायची वेळ कशाला येईल, हे तिने स्वतःला विचारलं नाही. टेप लावून जमिनीपासून मधल्या लाल ठिपक्यापर्यंत पाच फूट आठ इंच मोजले, कारण ती उंची तिला झोपेतही पाठ. पेन्सिलची खूणसुद्धा केली नाही, भिंत मळेल म्हणून. हुक दाबून बसवले, बोर्डाला मागून टपालाची दोरी बांधली, गाठीला हिसका देऊन बघितला आणि टांगला. बोर्ड बसला. ऐटीत बसला.

मागे येऊन तिने बाण घेतला. पहिला वीसच्या घरात. दुसरा त्याला चिकटून. हात अजून जागेवर आहे हे बघून तिला बरं वाटलं. तिसऱ्यासाठी हात उचलला, आणि बाण सुटायच्या आधीच समोरून कापड फाटावं तसा आवाज आला. हुक सुटले ते एकटे सुटले नाहीत. हुकांबरोबर रंग आला, रंगाबरोबर पुट्टी आली, ताटाएवढा पापुद्रा घेऊन बोर्ड खाली आला आणि येता येता त्याच्या लोखंडी कडीने भिंतीवर वरपासून खालपर्यंत एक लांब चरी पाडली.

नेमबाई तिसरा बाण हातात धरून उभी राहिली. हात दाखवून अवलक्षण, दुसरं काय? इतक्या खोल्या केल्या, इतके मालक झाले, कोणाच्या भिंतीला ओरखडा नाही, आणि जिथे स्वतःचा मुलगा राहतो तिथे हे. तिने पुढे होऊन पापुद्र्याचे तुकडे गोळा केले. एक तुकडा उचलून जागेवर लावूनही बघितला, बशी जोडतात तसा. तो हातातच फुटला. मग ती आपल्या खोलीत गेली, बॅग काढली आणि भरायला घेतली. पळून जातेय असं तिला मुळीच वाटत नव्हतं. ती स्वतःला समजावत होती की खोलीवर धूळ साठली असेल, दोन दिवस जाऊन झाडून यावं. दोन दिवसांत सुनेचा राग उतरेल, आणि नाही उतरला तर मालकिणीला महिनाअखेरला काय सांगायचं तेही आपोआप ठरेल. बॅग तिने हॉलमध्ये दाराशी नेऊन ठेवली आणि खुर्चीत ताठ बसून राहिली.

दोघं आली. सुनेने आधी बॅग बघितली, मग सासूकडे बघितलं, मग पॅसेजकडे. चपला न काढता आत गेली. उकिडवी बसून चरीवरून अंगठा फिरवला, तुटलेल्या कडा चाचपल्या, खाली पडलेला हुक उचलला.

"चिकटवायचे हुक?" तिने विचारलं.

"भोक पडू नये म्हणून," नेमबाई मागे येऊन म्हणाली.

"आई, पुट्टीला हुक चिकटवणं म्हणजे सायीला धरून दुधाचं पातेलं उचलणं. साय तेवढी हातात येणार."

"मला काय ठाऊक? आम्ही कधी भिंतीला हात लावला नाही."

"मग विचारायचं."

"तू घरात नव्हतीस."

"मग सरळ भोक पाडायचं. ड्रिल मशीन त्या कोपऱ्यात पडलेली असते, बाराही महिने."

"तुझ्या भिंतीत?"

सून उठून उभी राहिली. केसांतली पांढरी धूळ तशीच होती, त्यामुळे ती सासूपेक्षाही म्हातारी दिसत होती. "माझ्या," ती म्हणाली. "बरं. पॅसेज माझा. हॉल कोणाचा?"

"तुम्हा दोघांचा."

"स्वयंपाकघर?"

"आता स्वयंपाकघर काय, सगळं तुमचंच आहे."

"आणि तुमची खोली?"

"ती मला दिलीय तुम्ही."

"दिलीय," सून नवऱ्याकडे वळली. तो दारात किल्ली हातात घेऊन तसाच उभा होता. "ऐकलंस? दिलीय म्हणे." पुन्हा सासूकडे वळली आणि मग मात्र तिचा बांध फुटला. "इतके महिने झाले, त्या खोलीत तुम्ही एक खिळा मारला नाहीत. घड्याळ खोक्यात. बाबांचा फोटो कपाटावर, रोज पडतो, रोज उचलता. आधी मला वाटलं, खोली आवडली नसेल. मग कळलं, ही बाई जायच्या तयारीतच बसलीय. कामावरून येताना मी खाली रस्त्यावर उभी राहून वर बघते, तुमच्या खिडकीत दिवा आहे की नाही ते. रोज बघते. दिवा दिसला की मग जिना चढते. आणि आज आले तर दाराशी बॅग. भिंतीचं काय घेऊन बसलात? भिंती मी दिवसभर भरते, हाही खड्डा भरेन. तुम्ही गेलात तर संध्याकाळी मी भांडू कोणाशी? ह्याच्याशी? हा भांडतो का कधी?"

"मी," मुलगा म्हणाला.

"गप्प बस," दोघी म्हणाल्या.

तो चपला काढायला वाकला.

नेमबाईला कधी शब्दाची वाट बघावी लागली नव्हती. तिच्याकडे उत्तर तयार असायचं आणि तेही नेमकं. या वेळी तिने उत्तर शोधलं, आणि हाताला लागलं ते खरं होतं, म्हणून तेच बोलली. "मला भीती वाटते गं," ती म्हणाली. "भाड्याच्या खोलीत बरं असतं. एक दिवस मालक निघा म्हणणार हे पहिल्या दिवशीच ठाऊक असतं. त्याने म्हटलं की बॅग उचलायची, चालू पडायचं, वाईट वाटायचं कारण नाही. पण एखादं घर आपलं म्हटलं, आणि मग कोणी निघा म्हणालं, तर? या वयात ते मला झेपायचं नाही."

"कोण म्हणणार आहे?"

"तू नाही म्हणायचीस. पण..."

"मी म्हणेन की," सून म्हणाली. "माझं तोंड तुम्हाला माहीत नाही का? रागाच्या भरात दहा वेळा निघा म्हणेन. तुम्ही निघायचं नाही, एवढंच."

नेमबाईने तिच्याकडे बघितलं. भरून आलेलं तिने लपवलं नाही, डोळे सरळ पालथ्या हाताने पुसले. मग नाक ओढलं आणि म्हणाली, "ड्रिल आण."

"मी पाडून देते."

"आण म्हटलं ना. बोर्ड माझा आहे."

पुढचा अर्धा तास त्या पॅसेजमध्ये जे काही चाललं, ते शेजारच्यांनी भिंतीपलीकडून ऐकलं असेल तर त्यांना वाटलं असेल की यांचं नेहमीचंच भांडण आहे. आणि होतंच नेहमीचं. सुनेने सुटी पुट्टी खरवडून काढली आणि बोटाच्या पेराने भिंत ठोकत गेली. "इथे सांधा आहे, इथे नको. ही वीट. इथे धरा."

"इथे धरलं तर ठिपका इंचभर डावीकडे जाईल."

"जाऊ दे. इंचाने काय होतंय?"

"इंचाने काय होतंय म्हणे. तिहेरी घर अर्ध्या इंचाचंही नसतं, बाई." शेवटी वीटही मिळाली आणि मधोमधही मिळालं, पण दोघींपैकी माघार कोणी घेतली ते कळलं नाही. मुलाला टेप धरायला लावला आणि पेन्सिलीने खूण केली. मग नेमबाईला काहीतरी सुचलं, ती आत जाऊन एक जुनं पाकीट घेऊन आली, त्याचं तोंड उघडं करून खुणेच्या बरोबर खाली चिकटपट्टीने लावलं. भोकातली धूळ त्यात पडेल, फरशीवर सांडणार नाही. सून बघतच राहिली. हे तिला इतक्या वर्षांत सुचलं नव्हतं आणि तसं कबूल करायला ती तयार नव्हती. "बरं आहे," एवढंच म्हणाली.

"सरळ धरा. ढकलू नका, मशीनला तिचं काम करू द्या."

"मला शिकवू नकोस."

"शिकवणार. या घरात भिंत शिकलेली मी एकटी आहे."

नेमबाईने खटका दाबला. मशीनचं टोक भिंतीवर नाचलं, घसरलं आणि खुणेच्या बाजूला एक वाकडी रेघ ओढून गेलं. तिने ताबडतोब बोट उचललं. आयुष्यात पहिल्यांदा तिचा नेम चुकला होता, आणि तोही दोन बोटांवरून.

"चुकलं," ती म्हणाली.

"सगळ्यांचं पहिलं चुकतं. माझं पहिलं बघायचं असेल तर तुमच्या मुलाला विचारा, स्वयंपाकघरातल्या कपाटामागे अजून आहे."

नेमबाईने दोन्ही पाय पसरून नीट ठाण मांडलं, जसं ती ढिगापाशी मांडायची. श्वास घेतला, टोक खुणेवर टेकवलं, दाबलं. मशीन आत गेली. आधी पांढरी पूड पडली, मग करडी, मग विटेची लाल. पाकीट भरत गेलं. मशीन बाहेर काढली तेव्हा भिंतीत एक गोल, नेटकं भोक होतं. तिने करंगळीचं टोक त्यावर ठेवून बघितलं. मग स्क्रू घट्ट बसावा म्हणून भोकात प्लास्टिकची गिट्टी हातोडीने ठोकली, तिच्यात स्क्रू फिरवला, आणि बोर्ड दोघींनी मिळून उचलून अडकवला. सुनेने दोन्ही हातांनी त्याला लोंबकळल्यासारखं केलं. बोर्ड हलला नाही.

"बाजूच्या भिंतीला काहीतरी लावायला हवं," मुलगा म्हणाला. "बाण चुकले तर भोकं पडतील."

"माझे चुकत नाहीत," नेमबाई म्हणाली.

"माझे चुकतील," सून म्हणाली. "मीही खेळणार आहे. तुमचा तो चष्मेवाला यायच्या आधी मला शिकवा. आणि भोकं पडली तर पडू देत."

आता राहिली रेघ, जिच्यामागे उभं राहून बाण मारायचा ती. मुलाने टेपचं टोक भिंतीला लावलं तेव्हा नेमबाई कडाडली, "भिंतीपासून नाही रे, बोर्डाच्या तोंडापासून. तेवढ्यानेही फरक पडतो." त्याने मुकाट्याने टोक सरकवलं, अंतर मोजलं आणि फरशीवर बोट ठेवून बसून राहिला. सून तिच्या अवजारांच्या पेटीतून खडू घेऊन आली. वाकली, पण आखलं नाही. खडू हातात तसाच धरून म्हणाली, "खडूनेच आखते आत्ता. पुसून टाकता येईल." आणि सासूकडे बघितलं नाही.

मुलानेही बघितलं नाही. तो आपल्या बोटाकडे बघत होता.

"खडूची रेघ चार दिवसांत पायांनी पुसते," नेमबाई म्हणाली. "रोज उठून कोण आखत बसेल? भिंती रंगवणारीच्या घरात डबाभर रंग नाही का?"

सुनेने खडू खाली ठेवला. पेटीतून काळ्या रंगाचा डबा काढला, झाकण पट्टीने उचकटलं, ब्रश पुसून सासूच्या हातात दिला. नेमबाई गुडघे टेकून बसली. सुनेने फरशीवर दोन चिकटपट्ट्या समांतर लावून दिल्या आणि त्यांच्यामध्ये नेमबाईने भिंतीपासून भिंतीपर्यंत रंग भरला, सावकाश, एकही थेंब बाहेर न सांडता. पट्ट्या ओढून काढल्या. रेघ उमटली, काळी, ओली, चकाकणारी.

"मालकिणीला फोन लाव," ती गुडघ्यावरूनच मुलाला म्हणाली. "माझ्या हाताला रंग आहे. सांग, खोली देऊन टाका म्हणावं. पलंग आणि शेगडी आपण येऊन नेऊ."

मुलाने फोन लावला. तो मालकिणीशी बोलेपर्यंत दोघी भिंतीला पाठ टेकून फरशीवर बसून राहिल्या. फोन ठेवता ठेवता त्याने दाराकडे बघितलं. "आणि बॅग?"

"इकडे आण," नेमबाई म्हणाली. "रेघेवर पाय देऊ नकोस, रंग ओला आहे."